कंसातली बाई

“काम करताना पाठीला भिंत असू द्या,” तपासनीसबाईंनी पहिल्याच दिवशी फोनवर बजावलं होतं. “मागे दार नको, खिडकी नको, आणि माणूस तर मुळीच नको. मालिका पडद्यावर येईपर्यंत ती तुमच्याशिवाय कोणाच्या नजरेला पडता कामा नये.”

“हो हो, काळजीच करू नका,” असं म्हणून तिने फोन ठेवला आणि ठेवता ठेवता ते विसरूनही गेली. काळजी करायला तिच्याकडे याहून चांगले विषय होते. पोरीच्या घशात काय काय अडकू शकेल याची तिच्या डोक्यात सतत उजळणी चालायची: बटण, पेनाचं टोपण, चपलेचा सुटलेला तुकडा. विजेच्या प्रत्येक भोकावर तिने चिकटपट्टी लावली होती. पोर झोपलं की नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघायची, आणि त्या बोटाने पोर जागं झालं की स्वतःलाच बोल लावत बसायची. अशा बाईला भिंतीचं काय कौतुक!

आणि भिंत आणायची कुठून? घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत मावशी आणि मावशीची पेटी, बाहेरच्या खोलीत उरलेला सगळा संसार. टेबल सहज मावेल अशी एकच जागा, खिडकीखाली. तिथे बसलं की पाठ आपोआप साऱ्या खोलीकडे. त्यावर तिने तोडगा काढला होता. संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्याला एक छोटा गोल आरसा चिकटवला. काम करता करता नजर उचलली की आरशात मागची सतरंजी दिसे, सतरंजीवरची पोर दिसे आणि पोरीला दोन्ही बाजूंनी अडवून बसलेले मावशीचे गुडघे दिसत. पोर सुखरूप, गुडघे जागच्या जागी. मग आणखी काय पाहिजे?

पोरीला घरात सगळे खार म्हणत. खालचे दोन दात आल्यापासून तिने घरातलं एकही लाकूड सोडलं नव्हतं. तेव्हा पोरीच्या आईला आपणही खारीची आई म्हणू, आणि चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासणाऱ्या तिच्या नवऱ्याला खारीचा बाबा. मावशी ही या बाबाची सख्खी मावशी. लग्न न केलेली, कमी बोलणारी, आणि बोललीच तर सारी इमारत ऐकेल अशा आवाजात बोलणारी. कारण तिचा उजवा कान पार गेलेला होता. डाव्यासाठी यंत्र होतं, पण खार ते ओढून तोंडात घालायची, म्हणून ते सकाळपासून डबीत. बाळंतपणाला म्हणून चार दिवस आली होती ती राहिली. खारीच्या आईने तिला परत जायचं विचारलं नाही आणि मावशीने विषय काढला नाही.

मावशीचं ऐकू येणं गेलं होतं, पण दिसणं मात्र नुकतंच सुधारलं होतं. भाच्याने तिला नवा चष्मा करून दिला होता. “आता समोरच्या गच्चीवरचा कावळा कुठल्या डोळ्याने बघतोय, तेसुद्धा कळेल तुला,” असं म्हणत त्याने तो तिच्या नाकावर चढवला, तेव्हा खारीच्या आईने टाळ्या वाजवल्या होत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आता तिचं काम. ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी ती पडद्याखालची अक्षरं लिहायची. पात्रं बोलतात ते तर लिहायचंच, पण न बोलता जे ऐकू येतं तेही कंसात टाकायचं. [दार आपटतं]. [दूरवर कुत्रं भुंकतं]. [कोणीतरी जिना चढतं]. कोण बोलतंय, तेही दर वेळी कंसात. लिहून झालं की सगळं तपासनीसबाईंकडे तपासायला जायचं. भाषेची पदवी घेऊन, कॉलेजात शिकवून झाल्यावर पोरीसाठी घरी बसलेल्या बाईला हे काम मानवलं होतं. सवय इतकी लागली की तिच्या डोक्यातही कंस पडायला लागले. [पोर उचकी देतं]. [नवरा ‘माझं पाकीट कुठे’ असं पुटपुटतो].

त्या वेळी हाती आलेली मालिका मोठी होती. तिचं नाव सांगायला तिला बंदी आहे, तेव्हा आपणही सांगायला नको. विषय मात्र सगळ्यांना पाठ असलेला: मंत्र्याचं प्रकरण.

प्रकरण जुनं. खारीची आई तेव्हा शाळेत होती. एक मंत्री आणि त्याच्या कचेरीतली लघुलेखिका, म्हणजे साहेब बोलतील ते भराभर खुणांच्या लिपीत उतरवून घेणारी बाई. सरकारी विश्रामगृहात दोघं सापडली. वर्तमानपत्रांना महिनाभर दुसरा विषय नव्हता. पुढे कितीतरी वर्षं कुठल्याही कचेरीत एखादा पुरुष आणि बाई चहा पिताना दिसली की कोणीतरी डोळा मिचकावून म्हणणारच, “काय, लघुलेखन चाललंय वाटतं?” मंत्र्याची खुर्ची गेली, पुढच्या निवडणुकीत त्याहून उंच मिळाली, आणि तो वारल्यावर एका पुलाला त्याचं नावही मिळालं. बाईचं काय झालं ते कोणी विचारलं नाही. तिचा उरला तो एक फोटो: विश्रामगृहाचं मागचं दार, त्यातून बाहेर पडणारी तरुण बाई, तोंडावर रुमाल, डोळे घट्ट मिटलेले. खाली मथळा, ‘अश्रू आता कशाला?’

मालिकेत तो फोटो हुबेहूब उभा केला होता. दार तसंच, रुमाल तसाच. नटी दारात उभी राहून रुमालात तोंड खुपसून रडत होती. खारीच्या आईने हेडफोन घट्ट केले, प्रसंग पुन्हा ऐकला आणि लिहिलं: [रखेल रुमालात हुंदके देते].

‘रखेल’ हा तिचा शब्द नव्हे. मालिकेच्या संहितेत बोलणाऱ्यांची जी लेबलं आली होती, मंत्री, मंत्रिपत्नी, ड्रायव्हर, बातमीदार, त्यातलंच ते एक. आलं तसं टंकलं. कामाच्या ओघात कोण शब्द चाखून बघतं!

मागून आवाज आला, हेडफोन भेदून आत शिरेल असा.

“हुंदके नाहीत गं ते. शिंका आहेत.”

खारीच्या आईने आरशात पाहिलं. गुडघे. मग तिने हेडफोन उतरवले आणि खुर्चीच फिरवली. मावशी पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, मान किंचित मागे, नव्या चष्म्यातून सरळ पडद्याकडे बघत.

“काय म्हणालात, मावशी?” तिने मोठ्याने विचारलं.

“शिंका. त्या खोलीतल्या गाद्यांमध्ये डांबरगोळ्या कोंबलेल्या असायच्या. मला त्या कधीच सोसल्या नाहीत. तुझ्या कपाटातल्यासुद्धा मी काढायला लावल्या ना? शिंकत शिंकत बाहेर पडले, तर समोर हा फोटोवाला.”

खारीची आई पाहतच राहिली. मावशीच्याही लक्षात आलं, आपण काय बोलून गेलो. तिने पोरीच्या तोंडातून पेन्सिल काढली, पोर उचलून आईच्या मांडीवर ठेवली, सतरंजीची चुणी पायाने सारखी केली आणि आत निघून गेली.

[दार हळू लागतं]. [पेटीची कडी उघडते].

त्या क्षणी खारीच्या आईला आपलं शहाणपण कळून चुकलं. बहिऱ्या माणसाला कळावं म्हणून दिवसभर मोठ्या अक्षरांत लिहायचं, तेही बहिऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत, आणि वर खुशाल म्हणायचं की हिला काय कळतंय! आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कानाला बुचं लावून बसली होती आणि अक्षरं मात्र चव्हाट्यावर मांडली होती. जगात कोणाच्या हातून ही चूक झाली नसती, तिच्याच धंद्यातल्या माणसाखेरीज.

खारीचा बाबा संध्याकाळी आला तेव्हा तिने त्याला दारातच गाठलं.

“मावशी म्हणजे ती? मंत्र्याच्या प्रकरणातली?”

“हळू बोल.”

“हळू कशाला? त्यांना ऐकू येत नाही.”

“शेजाऱ्यांना येतं.” त्याने बूट काढले. “तुला माहीत नव्हतं?”

“कोणी सांगितलं असतं तर माहीत असतं ना!”

“मला वाटलं, आईने सांगितलं असेल.”

“आणि आईंना वाटलं असेल, तू सांगितलं असशील.”

“असेल,” तो म्हणाला. गरीब बिचारा, खरं ते बोलला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून खाली बसला आणि सांगायला लागला. मावशीचं हे कितवं घर, ते त्यालाही नीट आठवत नव्हतं. कुठे घरमालकाने ओळखलं, कुठे दुकानदाराने, आणि एकदा तर नुसतीच एक बाई जरा जास्त वेळ टक लावून बघत राहिली, तेवढ्यावर मावशीने पेटी भरली. कोणी काही बोललेलं नसायचं. लोकांनी बोलायच्या आत आपण उठायचं, असा तिचा शिरस्ता.

“म्हणजे आता आपल्याकडूनही?”

“बघू,” तो म्हणाला. नवऱ्यांचं ‘बघू’ म्हणजे काय ते सांगायला नको.

खोटं कशाला बोला, खारीच्या आईला आधी आठवली ती पोर. मावशी गेली तर पोरीला कोण बघणार, काम कसं होणार. पण त्या विचाराला पुरता आकार यायच्या आत दुसरा आला आणि त्याने पहिल्याला बाजूला सारलं. साऱ्या जगात हे एकच माणूस असं होतं, की त्याच्याजवळ पोर झोपलेलं असताना ती नाकाशी बोट धरायला जात नसे. मावशीच्या कुशीतल्या पोरीचा श्वास तिने कधीच तपासला नव्हता. इतकी निर्धास्त ती स्वतःच्या आईकडेही नव्हती.

सकाळी मावशीच्या खाटेवर पेटी भरून तयार होती. झाकण तेवढं उघडं.

“मावशी, तुम्ही चाललात?”

“आत्ता नाही. हिची वरची हिरडी सुजलीय. रात्रभर किरकिरत होती. दात बाहेर येऊ दे, मग निघते.”

“आणि दात आलाच नाही तर?”

“पोरीला दात येत नाही असं कुठे असतं का, वेडे!”

खारीच्या आईने आयुष्यात पहिल्यांदा पोरीच्या बाबतीत काही उशिरा व्हावं अशी इच्छा केली.

ती कामाला बसली, पण हात चालेना. मागे सतरंजीवर मावशी पोरीच्या हिरडीवरून बोट फिरवत होती आणि ठरवून खिडकीबाहेर बघत होती.

“पुढे काय दाखवलंय त्यात?” मावशीने खिडकीलाच विचारलं.

“तुम्हाला दाखवायची परवानगी नाही, मावशी. लिहून दिलंय मी.”

“माझंच आहे ना ते?”

“तुमचंच आहे.”

“मग मला कोणाची परवानगी?”

कायद्याचं काय व्हायचं ते होवो, म्हणत खारीची आई उठली. दोघींनी मिळून खाट सरकवली, टेबल ओढत आतल्या भिंतीशी नेऊन फिरवलं आणि मावशीसाठी शेजारी खुर्ची मांडली. पाठीला भिंत आली. मध्ये खार, दोघींच्या मांड्यांवर आळीपाळीने.

पहिला धक्का मंत्र्याने दिला. उंच, रुंद खांद्यांचा, दाढी कोरलेला नट सावकाश वळून कॅमेऱ्याकडे बघायला लागला.

“हा कोण?”

“मंत्री.”

“हा?” मावशीने चष्मा पुसून पुन्हा घातला. “अगं, साहेब खुर्चीत बसले की पाय जमिनीला टेकायचे नाहीत. हा देखणा आहे की! आमचं एवढं नशीब कुठलं!”

मग विश्रामगृहातली ती रात्र आली. खारीच्या आईने घाईघाईने चित्र पुढे पळवायला हात घातला, तर मावशीने तो हात धरला. “असू दे. तू लग्न झालेली आहेस आणि मीही काही दुधाने धुतलेली नाही.” पडद्यावर मेणबत्त्या जळत होत्या, पडदे हलत होते, सतार वाजत होती. मावशी थोडा वेळ बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. तिला हसताना बघून खारही हसली, काही न कळता.

“मेणबत्त्या! तिथे वीज होती गं. पंखा होता, तो खडखडायचा. पंखा बंद केला की साहेब घोरायचे. यातलं काहीच घेतलं नाही यांनी.”

“मावशी,” खारीच्या आईने विचारलं, कालपासून जिभेवर होतं ते, “तुम्हाला ते आवडायचे?”

“न आवडता कोण डांबरगोळ्या सोसेल?”

थोड्या वेळाने ती आपणहून बोलली. साहेबांना वाक्य पुरं करता येत नसे. सुरू झोकात करायचे आणि मध्येच अडकून छताकडे बघायचे. ती उतरवून घेता घेता उरलेलं वाक्य स्वतःच पुरं करायची. पुढे पुढे भाषणातली निम्मी वाक्यं तिची असायची. लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा साहेब व्यासपीठावरून शोधून तिच्याकडे बघायचे. “तेवढं बघणं पुरलं मला. मूर्खपणा होता. पण फसवलं बिवलं काही नाही कोणी. मी होते, माझ्या पायांनी गेले होते.”

हे सांगताना तिचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. रडण्याचा मागमूस नव्हता. मग तिने पडद्याच्या खालच्या बाजूला बोट लावलं. तिथे अजून ‘रखेल’ हीच अक्षरं होती.

“एक विचारू? ड्रायव्हरला ड्रायव्हर लिहिलंय. बातमीदाराला बातमीदार. तो दार उघडणारा शिपाई, त्यालासुद्धा शिपाई. प्रत्येकाला त्याचा हुद्दा. राज्यात माझ्या वेगाने उतरवून घेणारी दुसरी बाई नव्हती त्या काळी. परीक्षा दिल्यात मी.”

एवढंच बोलून ती पोरीचं नाक पुसायला लागली. तक्रारीचा सूर नव्हता. एखाद्याने हिशोबातली चूक दाखवून बाजूला व्हावं, तसं. खारीच्या आईला मात्र कानशिलं तापल्यासारखी वाटली. तो शब्द तिनेच टंकला होता, एकदा नाही, त्या बाईने तोंड उघडलं त्या प्रत्येक वेळी.

दुसऱ्या दिवशी तिने तपासनीसबाईंना फोन लावला.

“मॅडम, ते एक लेबल बदलायला हवं. ‘रखेल’च्या जागी ‘लघुलेखिका’.”

“संहितेत रखेल आहे.”

“संहिता लेखकांनी त्यांच्या सोयीसाठी लिहिली. पण आपला नियम काय? प्रेक्षकाला तोवर जे कळलेलं आहे तेच कंसात लिहायचं, त्याहून जास्त नाही. पहिल्या भागात मंत्री स्वतः ओळख करून देतो, ‘या आमच्या नव्या लघुलेखिका.’ प्रेक्षकाला तेवढंच ठाऊक आहे. ऐकू येणाऱ्याला पहिले दोन भाग ती लघुलेखिका वाटणार आणि ऐकू न येणाऱ्याला पहिल्या वाक्यापासून रखेल? उद्या खुनाची मालिका आली आणि मी पहिल्याच भागात कंसात ‘खुनी’ असं लिहिलं तर चालेल तुम्हाला?”

पलीकडे पेनाची टकटक.

“आणि प्रकरण उघड झाल्यानंतर?”

“नंतरही तिची नोकरी तीच आहे, मॅडम. मंत्र्याला नाही आपण नंतर ‘व्यभिचारी’ लिहीत.”

तपासनीसबाई हसल्या. इतक्या महिन्यांत ऐकलेलं त्यांचं ते पहिलं हसू. “नियमात बसतंय. बदला. पण बदलायचं तर सगळीकडे, एक जरी राहिलं तरी मी परत पाठवीन. आणि काय हो, तुम्हाला एवढं का लागलंय हे? पाठीला भिंत आहे ना?”

“भिंतच आहे,” खारीची आई म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं. शेजारी कोण आहे, ते बाईंनी विचारलंच नव्हतं.

दोन दिवस दोघी तो शब्द वेचत होत्या, पसरलेल्या धान्यातून खडे वेचावेत तशा. मावशीची नजर तिच्यापेक्षा तेज निघाली. “तो बघ, वरून तिसरा. लपलाय मेला.” फोटोच्या प्रसंगाशी येऊन त्या थांबल्या. ‘लघुलेखिका रुमालात हुंदके देते.’

“शिंका नाही लिहिता यायच्या, मावशी. ही नटी खरंच रडतेय.”

“राहू दे. तिलाही पोट आहे. रडायचेच पैसे मिळालेत बिचारीला.”

आणि मग व्हायचं ते झालं. त्या दुपारी खार बशीतलं काही खाताना चमच्यावर टक्क आवाज आला. [दात चमच्यावर वाजतो]. खारीच्या आईने ऐकला, आणि जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून गप्प बसली. पण मावशीला ऐकू आलं नसलं तरी तिचं बोट रोज त्या हिरडीवरून फिरतच होतं.

“आला गं,” मावशी म्हणाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खार आनंदात चमचा आपटत होती.

संध्याकाळी मावशी पोरीला कडेवर घेऊन जिन्यात उभी होती, रोजच्यासारखी. बहुधा शेवटचंच, असं खारीच्या आईला वाटत होतं. ती दाराआड रेंगाळली होती. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई पिशव्या घेऊन चढत आल्या. मालिकेची जाहिरात त्याच दिवशी सगळीकडे झळकली होती, आणि शिक्षिकाबाईंना पोटात काही ठेवायची सवय नव्हती.

“पाहिलीत का हो जाहिरात?” त्या मावशीच्या चांगल्या कानाशी ओरडल्या. “तो मंत्री आणि त्याची ती! आता पुन्हा तो चिखल तुडवणार. ती बाई कुठे तोंड लपवून बसली असेल कोण जाणे!”

खारीच्या आईने दाराआडून हे सगळं ऐकलं. पाऊल पुढे टाकावं तर उशीर, न टाकावं तर चूक.

“ती लघुलेखिका होती,” मावशी म्हणाली, जिना दुमदुमेल अशा आवाजात. “आणि ती मीच. इथेच असते, दुसऱ्या मजल्यावर. आज हिला दात आला, बघा.”

आणि तिने खारीचा वरचा ओठ बोटाने उचलून दाखवला.

शिक्षिकाबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या पोरीच्या दाताकडे बघत राहिल्या, कारण दुसरीकडे कुठे बघायचं ते त्यांना सुचेना. “छान आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “टोकदार आहे.” आणि पिशव्या उचलून भराभर वर गेल्या. वर दार लागलं, पुन्हा उघडलं, आणि इमारतीत कुजबुज सुरू झाली, ती खारीच्या आईला एक मजला खालून ऐकू येत होती.

“मावशी, लोक बोलायला लागले.”

“बोलू देत. मला कुठे ऐकू येतंय?”

घरात येऊन मावशी आत गेली. [पेटीची कडी]. खारीची आई बाहेरच उभी राहिली. मग धीर करून तिने डोकावलं. मावशी पेटीतले कपडे काढून परत खुंटीला लावत होती. एक स्वेटर झटकत म्हणाली, “घाईत भरलं की सगळ्या घड्या मोडतात. आणि शेवटच्या भागाचं काम राहिलंय ना आपलं?”

“आपलं,” खारीची आई म्हणाली. तिला हसू येत होतं आणि नाकही चुरचुरत होतं. तिने वळून पोरीला इतकं घट्ट धरलं की पोरीने निषेध म्हणून तिच्या खांद्याला नवा दात लावला.

इमारतीतली कुजबुज आठवडाभर पुरली. नंतर शिक्षिकाबाईच एकदा दारात आल्या, त्यांच्या भाचीला लघुलेखन शिकायचं होतं आणि शिकवणारं कोणी उरलं नव्हतं. भाची आता येते. खुणांच्या लिपीत तिची आणि मावशीची काय कुजबुज चालते ते खारीच्या आईलाही कळत नाही, आणि भाषेची पदवी घेतलेल्या बाईला ही गोष्ट अधूनमधून झोंबते.

शेवटच्या भागात मंत्र्याची बायको होती. पडद्यावर ती किंचाळली, तिने कपबश्या फोडल्या, लघुलेखिकेच्या झिंज्या धरल्या. [काच फुटते]. [मंत्रिपत्नी किंचाळते]. या प्रसंगाला मावशी हसली नाही.

“असं काही केलं नाही तिने,” ती म्हणाली. “प्रकरण झाल्यावर मी एका खोलीत राहत होते. कोणाला पत्ता नव्हता. तिने कसा शोधला कोण जाणे, घरमालकाकडे फोन आला. मी घेतला. ती म्हणाली, ‘जेवतेस ना वेळेवर?’ मी फोन ठेवून दिला. भीती वाटली. अजून आठवतं. कोणीतरी तिलाही विचारायला हवं होतं ना, जेवतेस का म्हणून. पुलाला नाव नवऱ्याचं लागलं, आणि आता या कपबश्या तिच्या माथी.”

“कुठे असतात त्या आता?”

“मुलं दूर गेली म्हणतात. कुठेतरी एकटी राहते, एवढंच ऐकलं होतं. गाव कोणी सांगितलं नाही.”

खारीच्या आईने पत्ता शोधायचा प्रयत्न केला. मिळाला नाही. आणि मिळाला असता तरी मावशी गेली असती की नाही, ते मावशीलाच ठाऊक. तेव्हा खारीच्या आईचं तुमच्याकडे एक मागणं आहे, आणि मावशीचंही. ही मालिका आता लवकरच सुरू होईल. तुमच्या इमारतीत, गल्लीत, समोरच्या घरात कोणी म्हातारी बाई एकटी राहत असेल, फारशी कोणात न मिसळणारी, तिचा नवरा एके काळी मोठा माणूस होता असं लोक दबक्या आवाजात म्हणत असतील, तर ज्या आठवड्यात मंत्रिपत्नीला कपबश्या फोडताना दाखवतील त्या आठवड्यात जरा जाऊन या. दार वाजवा, आणि लगेच उघडलं नाही तर थोडं थांबा, वयाने वेळ लागतो. मालिकेचा विषय काढू नका. जेवलात का, एवढंच विचारा. आणि त्यांनी काही न बोलता दार लावून घेतलं, तर रागावू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.